होजिअरीचं कापड आणि आपली शिवणमशीन
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेचणीच्या दिवसांत वऱ्हाडातल्या कुठल्याही रस्त्यानं सकाळी निघा. पऱ्हाटीत वाकलेल्या बायांच्या अंगात लुगड्यावरून घातलेला पुरुषी शर्ट दिसेल. काट्याकुट्यांपासून, उन्हापासून तो वाचवतो आणि सकाळच्या गारठ्यालाही उपयोगी पडतो. शेतात तो शर्टच बरा, कारण वाळलेल्या बोंडांची टोकं मऊ कापडाला ओढून काढतात. पण सकाळच्या पहिल्या एसटीनं कारंज्याला, रिसोडला जाणारी शिक्षिका, अंगणवाडी ताई, बाजारला निघालेली बाई यांनी काय घालावं? वाशीमकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी तिशीला टेकतो. लोकरीचा स्वेटर नऊ वाजता नकोसा होतो. अशा हवेला हवं ते सुती होजिअरीचं, समोरून उघडणारं, हलकं कार्डिगन. आणि ते घरच्या मशीनवर शिवता येतं.

पण होजिअरी म्हटलं की ब्लाउज शिवणारी बाई हात आखडता घेते. कापड वाया गेलं तर भरून कोण देणार? भीती खोटी नाही. अर्धा घोटाळा आपल्या भाषेनं केला आहे. मागावरचं कापड विणलेलं आणि स्वेटरही विणलेलाच! मागावर उभे-आडवे धागे एकमेकांत अडकतात, म्हणून कापड ताणत नाही. होजिअरीत एकच धागा फाशात फासा घालत जातो, आणि ओढलं की फासा रुंदावतो. पहिली गोष्ट आपल्याकडे फार जुनी. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्या घराण्याच्या हरिषेण राजाच्या काळातल्या अजिंठ्याच्या चित्रांत शिवलेले, बाह्यांचे कपडे दिसतात. फासे घालणारं यंत्र मात्र 1589 मध्ये इंग्लंडात विल्यम ली यानं केलं, तेही मोजे विणायला. कार्डिगन हे नाव त्याहून अलीकडचं, 1854 मध्ये क्रिमियाच्या युद्धात घोडदळाचं नेतृत्व केलेल्या कार्डिगनच्या उमरावावरून पडलेलं.

आता कापडाकडे वळू. होजिअरी पुष्कळ ठिकाणी वजनावर मिळते, म्हणून हिशेब माहीत असावा. चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं कापड आपल्या कामाला चांगलं. दीड मीटर पन्हा आणि दीड मीटर लांबी म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. वजन भरेल सुमारे चारशे ग्रॅम. मध्यम अंगाच्या बाईला एवढं पुरतं. दुकानातच आडवं दहा सेंटिमीटर धरून ताणून पाहा. तेरापर्यंत सहज गेलं आणि सोडल्यावर पुन्हा दहावर आलं तर घ्या. परत आलं नाही तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. त्याचे कोपर महिनाभरात पिशवीसारखे लोंबतील.

कापण्याआधी धुणं आलंच. सुती होजिअरी लांबीत आटते, आणि ते शिवल्यावर कळलं तर उपाय नाही. धुऊन, सावलीत पसरून वाळवा, मग रात्रभर सतरंजीवर मोकळं पडू द्या. गुंडाळीत ताणलेले फासे तेवढ्या वेळात जागेवर येतात.

कागदी नमुना, म्हणजे आपलं पेपर कटिंग, वर्तमानपत्रावर काढलं तरी चालतं. (ही पुरवणीही उद्या कुणाचा तरी मुंढा होईल, त्याला हरकत नाही.) परदेशात मापानुसार छापील नमुने एबेनेझर बटरिक या शिंप्यानं 1863 मध्ये विकायला काढले. पण ते नमुने साडीचा विचार करत नाहीत. आपल्याकडे डाव्या खांद्यावर पदराच्या घड्या असतात. तेव्हा छातीचं माप ब्लाउजवरून नाही, पदरावरून घ्यायचं. समजा ते 36 इंच आलं. दोन इंच मोकळीक धरून 38, त्याचा चौथा भाग साडेनऊ. पाठीची घडी साडेनऊची. पुढे दीड इंच रुंदीची बटणपट्टी लागणार आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींवर बसणार, म्हणून पुढच्या प्रत्येक भागातून पाऊण इंच कमी: पावणेनऊ. शिवणीची माया यात धरलेली नाही, ती वेगळी सोडा. गळा समोरून व्ही आकाराचा ठेवला की पदर चुरगळत नाही.

कापताना कापडावरच्या फाशांच्या बारीक उभ्या ओळी दिसतात. नमुन्याची उभी रेघ त्यांच्याशी समांतर हवी, नाहीतर धुतल्यावर शिवण पोटाकडे फिरते. बाहीचं एक ध्यानात ठेवा. साध्या कापडात बाहीचा वरचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा जास्त धरतो आणि चुण्या मुरवतो. होजिअरीत दोन्ही मापं सारखीच ठेवायची. खांदा जोडला की बाही सपाटच लावून घ्या आणि मग मनगटापासून कमरेपर्यंत एकच टीप मारा.

सुई गोल टोकाची, 11 नंबरची. टोकदार सुई धागा तोडते आणि तुटलेल्या फाशातून मोज्यासारखी शिडी पडते. दोरा पॉलिस्टरचा, कारण शिवण ताणली गेली की सुती दोरा आधी तुटतो. झिगझॅग असेल तर अगदी अरुंद ठेवा. साधी पायमशीन असेल तर दोऱ्याचा ताण थोडा सैल करा आणि कापड पुढूनमागून हलकेच धरून टीप मारा. कापड खाली अडकत असेल तर पातळ कागदाची पट्टी घाला आणि नंतर फाडून काढा. कडा इंटरलॉक करून आणल्या तर काम नीटनेटकं दिसतं, पण होजिअरीच्या कडेचे धागे मागाच्या कापडासारखे सुटत नाहीत, त्यावाचूनही चालतं.

खांद्याच्या शिवणीत मात्र कंजुषी नको. सगळ्या कपड्याचं वजन तिथे लोंबतं. शिवताना बारीक सुती फीत सोबत घ्या आणि तिची लांबी कापडावरून न मोजता कागदावरून मोजा. कापड तोवर ताणलेलं असतं.

बटणपट्टी ही खरी परीक्षा. टी-शर्टच्या गळ्याला पट्टी आखूड कापून ताणून लावतात, तीच युक्ती इथे सरसकट केली तर समोरची कड वर उचलली जाते आणि कार्डिगन पोटावर पडद्यासारखं उघडतं. सरळ कडेला पट्टी बरोबरीची ठेवा, फक्त मानेमागे अर्धा-पाऊण इंच कमी. पट्टीच्या आत इस्त्रीनं चिकटणारा पातळ कॅनव्हास हवाच, आणि काजं उभी, आडवी नकोत. काज करणं जमत नसेल तर टिचबटणं लावा. त्यात कमीपणा नाही. एसटीत एका हातानं बंद करायला तीच सोपी.

खालची दुमड झिगझॅगनं किंवा सैल हातशिलाईनं घ्या. शिवून झालेलं कार्डिगन धुतल्यावर दोरीवर टांगू नका. पाण्याच्या वजनानं ते गुडघ्याकडे निघतं. बाजेवर सपाट पसरावं, वाळलं की घडी घालून ट्रंकेत ठेवावं.