दोन जुने संगणक, एक तार

घराच्या वा कार्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला जुना संगणक अनेक ठिकाणी आढळतो. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये कोठे गृहनिर्माण संस्थेचे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे हिशेब असतात, कोठे वडिलांनी स्वतः टंकलिखित केलेला कुलवृत्तान्त. हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. ते एक ना एक दिवस बंद पडणारच. त्यापूर्वी ही माहिती बाहेर काढणे श्रेयस्कर.

अडचण अशी की, विंडोज ९८ वर चालणारा संगणक स्वतंत्र ड्रायव्हर बसवल्याशिवाय पेन ड्राइव्ह ओळखत नाही. फ्लॉपीची क्षमता तर अवघी १.४४ एमबी, १ जीबी माहितीसाठी सुमारे ७०० फ्लॉपी लागतील. अशा वेळी विंडोज एक्सपी असलेला दुसरा संगणक उपलब्ध असल्यास दोहोंना तारेने जोडणे हा सुलभ मार्ग ठरतो. एक्सपीला पेन ड्राइव्ह ओळखता येत असल्याने तो मधला दुवा बनतो.

जोडणी

दोन्ही संगणकांत नेटवर्क कार्ड असणे आवश्यक आहे. दोघांना थेट जोडताना साधी नव्हे, तर ‘क्रॉसओव्हर’ केबल वापरावी. तिच्या एका टोकाला १ व २ क्रमांकांच्या तारा ३ व ६ क्रमांकांच्या जागी बसवलेल्या असतात. त्यामुळे एकाचे ‘बोलणे’ दुसऱ्याच्या ‘ऐकण्या’पर्यंत पोहोचते. मध्ये स्विच असेल, तर दोन साध्या केबल पुरतात. जोडणी योग्य झाल्यास कार्डावरील लहान दिवा लागतो.

ओळख

खाते क्रमांकावरून खाते ओळखले जाते, तसा संगणक आयपी क्रमांकावरून ओळखला जातो. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘नेटवर्क’ येथे टीसीपी/आयपी निवडून १९२.१६८.०.१ आणि एक्सपीमध्ये ‘नेटवर्क कनेक्शन्स’मधून १९२.१६८.०.२ हा क्रमांक द्यावा. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.० ठेवावा. वर्कग्रुपचे नाव दोन्हीकडे एकच, संगणकाचे नाव मात्र वेगवेगळे असावे. हे नाव रोमन लिपीत व १५ अक्षरांच्या आत असावे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर एक्सपीच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पिंग’ ही आज्ञा व त्यापुढे जुन्या संगणकाचा आयपी क्रमांक द्यावा. चार उत्तरे परत आली, म्हणजे तार बोलू लागली.

मर्यादित अधिकार

आता विंडोज ९८ च्या ‘नेटवर्क’मध्ये ‘फाइल अँड प्रिंट शेअरिंग’ सुरू करावे. संपूर्ण सी ड्राइव्ह खुला करता येतो. परंतु तसे करू नये. आवश्यक फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘शेअरिंग’ निवडावे, पासवर्ड द्यावा आणि अधिकार ‘रीड-ओन्ली’ ठेवावा. पासबुकातील नोंदी ग्राहकास वाचता येतात, बदलता येत नाहीत. तसेच हे आहे. चुकून एखादी कळ दाबली गेली, तरी मूळ फाइल सुरक्षित राहते.

एक्सपीवर ‘स्टार्ट’मधील ‘रन’ येथे दोन उलट्या तिरप्या रेषा देऊन जुन्या संगणकाचे नाव लिहिले की, तो फोल्डर समोर येतो. तो वारंवार लागणार असल्यास ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने त्याला झेड हे अक्षर द्यावे, मग तो स्वतःच्याच ड्राइव्हसारखा वापरता येतो.

ताळमेळ

प्रत उतरवून झाली, म्हणजे काम संपले असे नव्हे. दोन्हीकडील फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील फाइलींची संख्या व बाइट्स जुळवून पाहावेत आणि काही फाइली उघडून तपासाव्यात. मराठी मजकुराबाबत विशेष दक्षता हवी. त्या काळातील बरेचसे मराठी लेखन युनिकोडपूर्व फाँटमध्ये झालेले आहे. तो फाँट नसेल, तर कुलवृत्तान्ताच्या जागी निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसतील. म्हणून फाँटचे नाव टिपून ठेवावे आणि त्याची फाइलही सोबत घ्यावी. त्यानंतर सर्व माहिती पेन ड्राइव्हवर घेऊन, विषाणूतपासणी करून नव्या संगणकावर ठेवावी व तिची आणखी एक प्रत निराळ्या ठिकाणी जपावी.

सावधगिरी

विंडोज ९८ ची सुरक्षा-सुधारणा जुलै २००६ मध्ये, तर एक्सपीची एप्रिल २०१४ मध्ये थांबली. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने फाइल सामायिक करण्याच्या जुन्या पद्धतीतील त्रुटीचाच लाभ घेतला होता. म्हणून हे दोन संगणक केवळ एकमेकांशी जोडावेत. इंटरनेटच्या राउटरशी कदापि नव्हे. त्यांवरून नेटबँकिंगही करू नये. जुन्या फाइलींमध्ये कोठे पासवर्ड लिहिलेले आढळल्यास आणि ते अद्याप वापरात असल्यास ते त्वरित बदलावेत.

काम संपताच शेअरिंग बंद करून केबल काढावी. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क काढून घ्यावी किंवा निकामी करावी. फाइल ‘डिलीट’ केली, तरी तिचा मजकूर बहुधा डिस्कवर शिल्लक असतो. लॉकर परत करताना तो रिता असल्याची खात्री प्रत्येक ग्राहक करतो. तीच खात्री येथेही करावी.