जुना टेम्पो : डिझेलचा खर्च आणि मागचा आवाज

भिवंडीचे कापड अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या दुकानांत पोहोचवण्यासाठी आपले अनेक व्यापारी बंधू जुना टेम्पो घेतात. १९८६ साली बाजारात आलेला टाटा ४०७ या कामात पुष्कळ दिसतो. गाडी स्वस्त मिळते, पण पुढे डिझेल नफा खाऊन टाकते.

समजा, गाडी महिन्याला २,००० किलोमीटर चालते. लिटरला १० चे ॲव्हरेज असेल तर २०० लिटर लागेल. ७ चेच मिळाले तर २८६ लिटर. म्हणजे ८६ लिटर दरमहा फुकट गेले.

अशा वेळी लोक थेट पंप आणि नोझल खोलतात. आधी मागचा आवाज नीट ऐकावा. रेस देताना आवाज येतो व पाय उचलताच बदलतो, तर क्राऊन-पिनियन तपासावे. फक्त वळणावर येतो, तर डिफरन्शियलमधील लहान गिअर. गाडी सुटताना 'खट्' होते, तर जॉइंटचा क्रॉस. वेगाबरोबर घरघर वाढते, तर चाकाचे बेअरिंग.

घरघर आणि कमी ॲव्हरेज सोबत असतील, तर दहा किलोमीटर चालवून मागच्या ड्रमजवळ जपून हात न्यावा. एकच ड्रम जास्त तापला असेल तर ब्रेक चिकटतो किंवा बेअरिंग गेले आहे. त्यानंतर टायरची हवा, एअर फिल्टर आणि शेवटी पंप पाहावा.

जाड तेल किंवा लाकडाचा भुसा घालून डिफरन्शियलचा आवाज दाबणारेही असतात. म्हणून सौद्याआधी तेल काढून पाहावे. आणि आपली गाडी विकताना ऐब सांगूनच विकावी. लपवलेल्या ऐबात बरकत नसते.