परक्याची पाठवणी आणि शेजारधर्म

परका कोण, हा प्रश्न तळवलीसारख्या गावात वाटतो तितका सोपा नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठी गावोगावच्या जमिनी संपादन झाल्या आणि भातशेती करणारा भूमिपुत्र स्वतःच्याच गावात उपरा झाला. त्याच्या चाळींतून आज दूरदेशीचा मजूर राहतो. बेकायदा आलेल्या बांगलादेशीयांना हुडकून परत धाडावे, ही मागणी येथे ऐकू येते. तिच्यामागे केवळ द्वेष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. जमीन गमावलेल्या माणसाचे भयही तिच्यात आहे.

ख्रिस्ती धर्मविचार या भयाला काय उत्तर देतो? मोशेचे नियमशास्त्र इस्राएलला मिसरमधील त्याच्या परकेपणाचे स्मरण देऊन परक्यावर प्रीती करण्यास सांगते. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोदाच्या भीतीने बाळ येशूला घेऊन त्याचे आईबाप रातोरात मिसरला पळतात. ज्याची उपासना करावयाची, तो स्वतःच एके काळी निर्वासित होता! मात्र रोमकरांस लिहिताना पौल राज्यसत्तेचा मान राखण्यासही सांगतो. तेव्हा सरहद्दी पुसून टाका, असा या शिकवणुकीचा अर्थ नव्हे. पाठवणीचा अधिकार राज्याला आहे. तो कसा वापरला जातो, येथे नीतीचा प्रश्न सुरू होतो.

याचा धडा मुंबईने पूर्वीच घेतला आहे. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने पदपथांवरील झोपड्या पाडून रहिवाशांना मूळ गावी धाडण्याचे ठरविले. ऐन पावसाळ्यात माणसे बसगाड्यांत भरली गेली. हे परदेशी नव्हते. १९८५ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला. परंतु उपजीविका हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला आणि पावसाळा सरेपर्यंत झोपड्यांना हात लावू दिला नाही. अधिकार आणि करुणा एकत्र नांदू शकतात, ते असे.

हा विवेक सुटला की काय होते? जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याचे उघड झाल्यावर परत आणावे लागले. आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने संशयितावरच टाकला आहे. ज्याचा जन्मदाखला पुरात वाहून गेला, शाळेचा दाखला कधी मिळालाच नाही, त्याने तो भार कसा पेलावा?

म्हणून आधी चौकशी, मग निर्णय. मायलेकरांची ताटातूट नको. आणि भाषा किंवा धर्म हाच पुरावा मानणे नको. एवढे पाळूनही ज्याला परत पाठवावे लागेल, त्याला माणूस म्हणून पाठवावे. आपला शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले होते. दाखले देणाऱ्या शिक्षकाला आणि ते तपासणाऱ्या कारकुनाला आज तोच प्रश्न आपल्या टेबलापाशी सोडवावयाचा आहे.