नाव बदलले तरी ओळख टिकावी : ब्लॉगलेखकासाठी फीड आणि मेटाडेटा

एकाच शहराचे नाव देवनागरीत किती प्रकारे लिहिले जाते, याचे झाशी हे बोलके उदाहरण आहे. मराठीत ‘झाशी’ आणि ‘झांशी’, तर हिंदीत ‘झाँसी’ आणि ‘झांसी’ अशी रूपे आढळतात. ही चारही रूपे एकाच शहराची आहेत, हे वाचकाला तत्काळ उमगते. संगणकाच्या लेखी मात्र ते चार निरनिराळे शब्द ठरतात. त्यामुळे राणी लक्ष्मीबाईंच्या या शहराविषयी मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याने केवळ चांगला मजकूर लिहून भागत नाही. तो कोणी, केव्हा आणि कोणत्या भाषेत लिहिला, ही माहितीही यंत्राला समजेल अशा रीतीने सोबत द्यावी लागते. माहितीविषयीच्या या माहितीला मेटाडेटा म्हणतात.

फीड म्हणजे काय?

ब्लॉगवरील नव्या लेखांची शीर्षके, दुवे, तारखा आणि मजकूर ठराविक साच्यात मांडणारी फाइल म्हणजे फीड. वाचकाने एकदा तिची नोंद केली, की नवा लेख प्रसिद्ध होताच त्याच्या फीड-वाचक प्रणालीत तो आपोआप दिसू लागतो. पॉडकास्टचे नवे भाग श्रोत्यांपर्यंत पोहोचतात तेही प्रामुख्याने याच मार्गाने.

या साच्यांचा इतिहास मात्र सरळ नाही. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने आरएसएसची पहिली आवृत्ती आणली. पुढे दोन वेगळ्या शाखा झाल्या. डिसेंबर २००० मध्ये आरएसएस १.० आणि सप्टेंबर २००२ मध्ये आरएसएस २.० प्रसिद्ध झाले. क्रमांकावरून दुसरी आवृत्ती पहिलीची सुधारणा वाटते, परंतु तसे नाही. दोहोंची रचनाच भिन्न आहे. या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी आखलेल्या अ‍ॅटम या मानकाला डिसेंबर २००५ मध्ये अंतिम रूप मिळाले. जुलै २०१३ मध्ये गूगल रीडर ही लोकप्रिय सेवा बंद झाली, तेव्हा फीडचे युग संपल्याचे भाकीत अनेकांनी केले. सेवा गेली, परंतु आरएसएस आणि अ‍ॅटम दोन्ही आजही वापरात आहेत.

लेखाला कायमची ओळख हवी

झाशीच्या रेल्वे स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्याचा निर्णय डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला. नावाबरोबर स्थानकाचा ‘जेएचएस’ हा जुना संकेतही बदलला. अशा वेळी ब्लॉगलेखक जुन्या लेखाचे शीर्षक बदलतो आणि अनेकदा त्याचा पत्ताही बदलून टाकतो. मग फीड-वाचक प्रणालीला तो नवाच लेख वाटतो, आणि इतरांनी दिलेले जुने दुवे निकामी होतात.

यावरील उपाय अ‍ॅटममध्येच आहे. त्यात प्रत्येक लेखाला कायमस्वरूपी ओळखचिन्ह आणि शेवटच्या बदलाची तारीख देणे बंधनकारक आहे. शीर्षक बदलले तरी ओळखचिन्ह बदलायचे नाही. आरएसएस २.० मध्ये अशा चिन्हाची सोय आहे, पण ते ऐच्छिक आहे. म्हणूनच ते विसरले जाते.

लेखक कोण, तारीख कोणती?

या प्रश्नांचे महत्त्व झाशीच्याच एका ग्रंथावरून कळते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्याच्या वेळी झाशीत होते. त्यांनी पुढे लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांनी फेरफारांसह १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितावर आधारलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखाली १९६६ मध्ये आली. कोणते शब्द गोडसे यांचे आणि कोणते संपादकांचे, हे कळण्यासाठी अभ्यासकाला कोणती आवृत्ती हाती आहे ते पाहावे लागते.

ब्लॉगचेही तसेच आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या डब्लिन कोअर या १५ घटकांच्या मानकात लेखनकर्ता आणि साहाय्यकर्ता यांना स्वतंत्र स्थान आहे. आरएसएस २.० मधील लेखकाच्या रकान्यात ई-मेल पत्ता अपेक्षित असल्याने वर्डप्रेसच्या फीडमध्ये लेखकाच्या नावासाठी डब्लिन कोअरचाच घटक वापरला जातो. अ‍ॅटममध्ये प्रथम प्रकाशनाची आणि सुधारणेची तारीख वेगवेगळी नोंदवता येते.

तारखेचा साचाही पाळावा लागतो. आरएसएस २.० मध्ये महिन्याचे नाव इंग्रजी संक्षेपातच हवे. तेथे ‘जून’ असे देवनागरीत आले, तर प्रणालीला तारीख कळत नाही. वेळ भारतीय प्रमाणवेळेऐवजी जागतिक वेळेनुसार दाखवली गेली, तर पहाटे पाचला प्रसिद्ध केलेला लेख आदल्या दिवसाचा दिसतो.

भाषेची नोंद

मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्याने केवळ लिपीवरून भाषा ठरत नाही. मराठीसाठी ‘एमआर’ आणि हिंदीसाठी ‘एचआय’ हे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. मराठीचा संकेत दिल्यास ती सोय असलेल्या टंकांत ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठी वळणे उमटतात, आणि वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला मराठी उच्चार निवडता येतात. झाशीवरील मराठी लेख हिंदी समजून वाचला जाऊ नये, यासाठी ही छोटी नोंद मोलाची आहे.

किती धावायचे?

नवी मानके येतच राहतात. जून २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा शब्दसंग्रह सुरू केला. आरएसएसच्या पहिल्या आवृत्तीत सहभाग असलेले, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी रामनाथन गुहा या उपक्रमातही अग्रभागी होते. मे २०१७ मध्ये जेसन फीड हा साचा आला.

ब्लॉगलेखकाने प्रत्येक साच्यामागे धावण्याची गरज नाही. साचा तयार करण्याचे काम बहुतांश ब्लॉग-प्रणाली स्वतःच करतात. कायमचे ओळखचिन्ह, लेखकाचे नाव, दोन्ही तारखा आणि भाषा एवढ्या गोष्टी आपण अचूक भरल्या, तर त्या कोणत्याही नव्या साच्यात उतरवता येतात. डब्ल्यूथ्रीसी या मानक-संस्थेच्या विनामूल्य तपासणी सेवेत आपले फीड अधूनमधून पडताळून पाहावे. ज्या नोंदी आज भरल्याच नाहीत, त्या उद्याचे कोणतेही मानक भरून देणार नाही.