जुगाराच्या मेल: तुमचा पत्ता त्यांच्याकडे जातो कसा?

अफिलिएट म्हणजे कोण?
ऑनलाइन जुगार कंपनीला ग्राहक मिळवून देणारा स्वतंत्र दलाल. मोबदला मुख्यतः दोन प्रकारचा: प्रत्येक नव्या खातेदारामागे ठरावीक रक्कम, किंवा ग्राहकाने हरलेल्या पैशातून कंपनीला होणाऱ्या उत्पन्नात वाटा.

अफिलिएटकडून पत्त्यांच्या गैरवापराचे प्रकार
• एका साइटला दिलेला पत्ता परवानगीविना दुसऱ्याला विकणे.
• ‘मेल नको’ कळवणाऱ्यांची यादी पत्ते वगळण्यासाठी असते. तीच यादी मेल पाठवायला वापरणे.
• स्वतःहून जुगारबंदी घेतलेल्यांना बोनसचे आमिष दाखवणे.

कायदा काय सांगतो?
• ब्रिटन: २००३ च्या नियमांनुसार व्यक्तींना जाहिरातीच्या मेल पाठवण्यासाठी आधी त्यांची संमती हवी. अपवाद कंपनीच्या स्वतःच्या ग्राहकांपुरता. विकत घेतलेल्या यादीला तो लागू नाही. अफिलिएटच्या कृतीची जबाबदारी परवानाधारक कंपनीवर. स्वतःहून घ्यायच्या जुगारबंदीची ‘गॅमस्टॉप’ योजना ऑनलाइन कंपन्यांना ३१ मार्च २०२० पासून बंधनकारक.
• अमेरिका: ‘कॅन-स्पॅम’ कायदा, २००३. आधी संमती लागत नाही. मात्र नकार कळवल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत मेल थांबवाव्या लागतात.
• भारत: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये उल्लंघनासाठी कमाल दंड २५० कोटी रुपये. ऑनलाइन गेमिंग कायदा, २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीवर बंदी. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

फरक लक्षात घ्या
खाते उघडण्याची संमती वेगळी, जाहिरातीची वेगळी आणि पत्ता तिसऱ्याला देण्याची वेगळी.