मोठे टायर, उंच गाडी

थारसारखी गाडी दारात आली, की मोठ्या टायरांच्या गप्पा सुरू होतात. आधी हिशेब करू. थारच्या काही प्रकारांत 255/65 आर 18 मापाचे टायर येतात. त्यांचा व्यास सुमारे 789 मिलिमीटर. रिमसकट बदलून 285/70 आर 17 बसवले, तर 831. फरक 42 मिलिमीटरचा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर!

मग स्प्रिंग बदलून दोन इंच उंची वाढवली तर? बॉडी वर जाते. पण थारचा मागचा एक्सल सलग आहे. त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडावर आपटतो तो नेमका हाच. त्याला उचलतो फक्त टायर. उंच स्प्रिंगमुळे मोठ्या टायरला मडगार्डखाली हलायला जागा मिळते, एवढेच.

बदल्यात जड चाकांमुळे गाडी सुस्तावते, थांबायला जास्त अंतर घेते. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा वेग असतो 63. गुरुत्वमध्य वर गेल्याने घाटाच्या वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय, गाडीचा नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार करता येत नाही.

माझे मत विचाराल, तर मूळ मापातच खोल नक्षीचे, ऑल टेरेन टायर घ्यावेत. चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते. डांबरी रस्ता लागताच मात्र पंपाने ती पुन्हा भरायची. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो.