भांडवल तिजोरीत पडून नसते

‘रिझर्व्ह बँकेने बारा टक्के अडकवून ठेवले, मग आम्ही कर्ज द्यायचे कशातून?’ नागरी सहकारी बँकांच्या संचालकांकडून हे सतत ऐकू येते. एरवी जमाखर्चात पक्की असलेली माणसेही ते ठामपणे सांगतात. हे साफ चूक आहे आणि त्यापायी निर्णयही चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावी लागते ती सीआरआरपोटी, ठेवींच्या प्रमाणात. ते बारा टक्के सीआरएआरचे, म्हणजे भांडवल पर्याप्ततेचे; ती निराळी गोष्ट. पैसा बाजूला काढून ठेवा असे ती सांगतच नाही. जोखमीच्या मानाने बँकेत मालकांचा स्वतःचा पैसा किती, हे विचारते. हिशेब सोपा राहावा म्हणून रोख आणि रोखे बाजूला ठेवू. समजा, बँकेने 100 कोटींची कर्जे दिली. त्यांतले 88 कोटी ठेवीदारांचे, 12 कोटी सभासदांचे भागभांडवल आणि गंगाजळी. शंभरच्या शंभर कोटी कर्जात गेले. त्या बारा कोटींवरही व्याज मिळतेच आहे. अडकले काय? उद्या 8 कोटी बुडाले तर तो फटका सभासदांचे 12 कोटी सोसतात, ठेवीदाराला झळ लागत नाही. 15 कोटी बुडाले तर लागते.

टक्केवारीही सरसकट कर्जांवर नसते, जोखमीच्या भारानुसार असते. सरकारी रोख्यांचा भार नगण्य. व्यापारी बँकांच्या वैयक्तिक कर्जांवरचा भार नोव्हेंबर 2023 मध्ये 100 वरून 125 टक्के झाला. 9 टक्क्यांच्या हिशेबाने अशा 1 कोटीच्या कर्जामागे 9 लाखांऐवजी सव्वाअकरा लाखांचे भांडवल लागते. म्हणून कर्जवाटप न थांबवता, कोणते कर्ज किती द्यायचे हे बदलूनही प्रमाण सुधारता येते.

आणि 12 टक्के सगळ्यांना नाहीत. डिसेंबर 2022 च्या परिपत्रकानुसार पहिल्या स्तरातल्या बँकांना, म्हणजे मुख्यतः 100 कोटींपर्यंत ठेवी असलेल्यांना, 9 टक्केच पुरतात. वरच्या स्तरांना 31 मार्च 2026 पर्यंत टप्प्याटप्प्याने 12 गाठायची मुदत दिली होती.

असेच आणखी काही गैरसमज. ‘ठेवी वाढल्या की भांडवल वाढते’: उलट, त्या ठेवींतून कर्जे दिली की प्रमाण घसरते.

‘नफा झाला, म्हणजे भागले’: तो लाभांशात वाटून टाकला तर भांडवलात काहीच पडत नाही.

‘सीआरएआर चांगला, म्हणजे बँक सुरक्षित’: पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने मार्च 2019 अखेर 12 टक्क्यांहून अधिक सीआरएआर दाखवला होता. सप्टेंबरमध्ये तिच्यावर निर्बंध आले. एकाच बांधकाम समूहाकडची हजारो कोटींची कर्जे दडवलेली होती. थकबाकी लपवली की बुडीत कर्जापोटी नफ्यातून करायची तरतूद टळते आणि भांडवल कागदावर शाबूत दिसते.

तेव्हा संचालकांनो, आधी थकीत कर्जांची तरतूद पुरी करा, मग टक्केवारी काढा. सभासदांनीही लाभांश किती हे विचारण्याआधी ती तरतूद पुरी झाली का, हे विचारावे.